ऑर्गन पाइपच्या वाळवंटात आरव्ही घेऊन: मार्चचा बहर आणि त्याची तयारी

ॲरिझोनातल्या फीनिक्सपासून साधारण दीडशे मैलांवर, मेक्सिकोच्या सीमेला लागून ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंट आहे. १९३७ साली हा भाग संरक्षित झाला आणि १९७६ पासून युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांत त्याची गणना होते. बुंध्यापासून एकदम वीस-पंचवीस सोट वर फुटलेला ऑर्गन पाइप कॅक्टस अमेरिकेच्या हद्दीत मुख्यतः याच टापूत दिसतो. सोनोरन वाळवंटाला हिवाळ्यातला रिमझिम पाऊस आणि उन्हाळ्यातला वळीव असे दोन पाऊस मिळतात, म्हणून इथे उघड्या वाळूपेक्षा झाडोराच जास्त.

मार्चच्या मध्यावरच्या मुक्कामाचा हा वृत्तांत आहे. तारीख आणि गाडीची लांबी हे दोन निर्णय घरीच नीट घेतले, की बाकीचं इथे येऊन निभावतं.

आधी तारखेबद्दल. ‘कॅक्टसही फुललेले हवेत आणि रानफुलांचे गालिचेही’ हे एका फेरीत जमत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चभर सोनेरी पॉपी, जांभळी ल्युपिन, आउल क्लोव्हर आणि पिवळ्याधमक ब्रिटलबुशची झुडपं फुलतात. मार्चअखेरीस ओकोटियो झुडपाच्या काठ्यांना लाल तुरे येतात. एप्रिलमध्ये हेजहॉग कॅक्टसची गडद गुलाबी फुलं आणि पालो वर्दे झाडांचा पिवळा बहर असतो. सवारो (खांबासारखा उंच कॅक्टस) आणि ऑर्गन पाइप फुलतात मे-जूनमध्ये, तेव्हा दुपारचा पारा ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि वीजजोडणी नसलेल्या आरव्हीत, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, राहणं हालाचं होतं. ऑर्गन पाइपचं फूल रात्री उमलून सकाळी मिटतं, त्याचं परागीभवन मुख्यतः वटवाघळं करतात. कुटुंबासह जायचं तर मार्चच धरावा. दुपारी २४-२६ अंश, पहाटे ८-९.

पॉपीचा गालिचा दरवर्षी नसतो. शरद ऋतूत, ऑक्टोबर ते डिसेंबरदरम्यान, एकदा तरी इंचभर चांगला पाऊस व्हावा लागतो, तेव्हा बी रुजतं. मग हिवाळाभर अधूनमधून सरी हव्यात आणि फेब्रुवारीत गरम वारे सुटायला नकोत. पाऊस लवकर झाला पण जानेवारी कोरडा गेला, तर रोपं बोटभर उंचीचीच राहून करपतात. म्हणून आरक्षण करताना हिवाळ्यातल्या पावसाची नोंद बघावी. पाऊस कमी असला तरी ब्रिटलबुश आणि ओकोटियो बहुधा निराश करत नाहीत, कारण ती बहुवर्षायू आहेत. पॉपी बघायची वेळ सकाळी दहानंतरची. ढगाळ हवेत, वाऱ्यात आणि संध्याकाळी ती मिटलेली असते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या खडकाळ उतारांवर बहर आधी येतो, तिकडे आधी जावं.

आता गाडी. इथला सर्वांत देखणा रस्ता म्हणजे आहो माउंटन ड्राइव्ह: २१ मैलांचा, बहुतांश खडीचा, एकेरी वळसा. थांबत थांबत दोन तास लागतात, फुलं असली तर अर्धा दिवसही. २४ फुटांपेक्षा लांब मोटरहोम आणि ट्रेलर त्यावर न्यायचे नसतात. भाड्याच्या आरव्हीचे करार बहुधा कच्च्या रस्त्याला बंदीच घालतात, तेव्हा लांबी कमी असली तरी करार वाचावा. दोन कुटुंबं, एक २५ फुटी क्लास सी (ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली मध्यम आकाराची) आरव्ही आणि सोबत एक एसयूव्ही हा मेळ सर्वांत सोयीचा. एकच आरव्ही असेल तर हिवाळी हंगामात रेंजर व्हॅनमधून नेतात का याची व्हिजिटर सेंटरमध्ये चौकशी करावी.

फीनिक्सहून जाताना आधी हीला बेंड हे गाव लागतं. तिथून हायवे ८५ ने दक्षिणेला आहो गाव सुमारे ४२ मैल, पुढे दहा मैलांवर व्हाय नावाची छोटी वस्ती आणि तिथून व्हिजिटर सेंटर २२ मैल. वाटेत दोन्ही बाजूंना लष्करी सरावाचं क्षेत्र आहे, आडरस्त्याला शिरू नये. किराणा आहो गावात, इंधन आहो किंवा व्हायमध्ये पूर्ण भरून घ्यावं. याचं कारण जनरेटर. क्लास सी आरव्हीचा जनरेटर मुख्य टाकीतूनच पेट्रोल ओढतो आणि टाकी साधारण पाव भागावर आली की तो बंद पडतो, म्हणजे परतीचं पेट्रोल शिल्लक राहतं. ‘जनरेटर बिघडला’ अशा तक्रारीत आधी पेट्रोलचा काटा बघावा.

मुक्काम ट्विन पीक्स कॅम्पग्राउंडमध्ये. २०८ जागा आहेत, त्यातल्या ३४ फक्त तंबूंसाठी. पिण्याच्या पाण्याचे नळ, सौरऊर्जेवर पाणी तापणारे शॉवर आणि डम्प स्टेशन (आरव्हीच्या टाक्यांतलं सांडपाणी सोडायची जागा) आहे. पाणी, वीज, सांडपाणी यांची जोडणी एकाही जागेवर नाही. जनरेटरची वेळ सकाळी ८ ते १० आणि दुपारी ४ ते ६, एवढीच. कॅलिफोर्नियातून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ॲरिझोनात घड्याळ मागंपुढं करत नाहीत, त्यामुळे मार्चच्या मध्यापासून दोन्हीकडे एकच वेळ असते.

विजेचा हिशेब असा. १०० अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीतले ५०च वापरायचे, त्याखाली गेल्यास बॅटरीचं आयुष्य घटतं. हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा ७-८ अँपिअर खातो. थंड रात्री आठ तासांत तो निम्मा वेळ चालला तरी ३० अँपिअर-तास गेले. फ्रीज गॅसवर असला तरी त्याच्या नियंत्रणाला १२ व्होल्ट लागतातच, म्हणून पहाटे बॅटरी बसली की हीटर आणि फ्रीज दोन्ही एकदम थांबतात. झोपताना थर्मोस्टॅट १५-१६ अंशांवर ठेवून जाड पांघरुणं घ्यावीत. सकाळी उठल्यावर व्होल्टमीटरवर १२.१ च्या खाली आकडा दिसला, तर आठच्या ठोक्याला जनरेटर सुरू करावा. मायक्रोवेव्ह, फोन-लॅपटॉपचं चार्जिंग याच वेळेत उरकावं.

आरव्ही उभी करताना ती समपातळीत आहे ना हे स्पिरिट लेव्हलने तपासावं आणि गरज असेल तिथे चाकाखाली ठोकळे घालावेत. गॅसवरच्या फ्रीजमधलं अमोनियाचं द्रावण गुरुत्वाकर्षणानेच फिरतं. गाडी कलती राहिली तर ते एका जागी साचून बॉयलर तापतो आणि फ्रीज कायमचा निकामी होऊ शकतो.

पाण्याची टाकी साधारण ४० गॅलन, म्हणजे दीडशे लिटर. आधी भरते ती मात्र सांडपाण्याची टाकी, आणि आपल्या स्वयंपाकात तर नक्कीच. तेलमसाल्याची भांडी आधी कागदाने पुसून मग कमी पाण्यात धुवावीत. आंघोळ कॅम्पच्या शॉवरमध्ये. संडासच्या टाकीत पाणी सढळ हातानं सोडावं, कारण कोरड्या हवेत मैला आणि कागद यांचा ढीग घट्ट होतो आणि मग व्हॉल्व्ह उघडूनही काही बाहेर येत नाही. फोडणी शक्यतो बाहेर, सुट्या शेगडीवर द्यावी. आत दिली तर धुराचा अलार्म वाजतोच, आणि तो बंद करून ठेवणं धोक्याचं आहे. पिण्यासाठी माणशी दिवसाला चार लिटर पाणी वेगळं ठेवावं.

वाऱ्याकडे दुर्लक्ष नको. सकाळ शांत असते आणि दुपारी अचानक झोत येतो. बाहेर सावलीचा पडदा उघडा टाकून फिरायला गेलं, की परतल्यावर त्याचे दांडे वाकलेले सापडतात, आणि भाड्याच्या गाडीत तो खर्च बहुधा आपल्याच माथी येतो. दूर जायच्या आधी तो गुंडाळायचाच. दुसरा उपद्रव पॅकरॅट उंदरांचा. उबदार इंजिनात शिरून ते वायरी कुरतडतात. रात्री बॉनेट उघडं ठेवलं तर त्यांना आडोसा मिळत नाही. कोरड्या दिवसांत गळक्या नळावर मधमाश्या जमतात, म्हणून बाहेरचा नळ घट्ट बंद आणि कोरडा ठेवावा.

आरव्ही न हलवता पायी बघण्यासारखं बरंच आहे. कॅम्पग्राउंडजवळूनच निघणारा १.२ मैलांचा डेझर्ट व्ह्यू वळसा संध्याकाळी चढावा: ऑर्गन पाइपच्या सोटांवर तिरपं ऊन पडतं आणि दक्षिणेला मेक्सिकोतले डोंगर दिसतात. व्हिजिटर सेंटरला जाणारी पालो वर्दे वाट १.३ मैलांची, सपाट, मुलांना झेपणारी. व्हिक्टोरिया खाणीची वाट जाऊन-येऊन साडेचार मैल, ती सकाळी लवकर करावी. सवारोचं रोपटं बहुतेकदा पालो वर्देसारख्या झाडाच्या सावलीत वाढताना दिसेल. तेच झाड त्याला कोवळेपणी उन्हापासून आणि थंडीपासून वाचवतं. शेजारीच टोहोनो ओओडम या मूलनिवासी लोकांची भूमी आहे. जूनमध्ये सवारोचीच लांब काठी करून ते त्याची फळं पाडतात, ही परंपरा आजही चालू आहे.

पायात बंद बूट हवेत. चोया कॅक्टसचे तुकडे नुसत्या स्पर्शाने सुटून अंगात रुततात आणि त्यांच्या काट्यांना उलटे बारीक दाते असतात. हाताने ओढू नये, दुसऱ्या हातातही रुततात. मोठ्या दात्यांचा कंगवा तुकड्याखाली सरकवून तो झटक्यात उडवावा, उरलेले काटे चिमट्याने काढावेत. कंगवा आरव्हीत नाही, खिशात ठेवावा. मार्चमध्ये ऊन वाढलं की रॅटलस्नेकही बाहेर पडतात. दगडामागे हात घालू नये, अंधारात टॉर्चशिवाय चालू नये. फुलांत शिरून फोटो काढण्याचा मोह आवरावा, कारण तुडवलेल्या पॉपीचं बी धरत नाही आणि पुढच्या बहराचं बी तेवढं कमी होतं.

निघताना डम्प स्टेशनवर क्रम चुकवू नये: हातमोजे, पाइप घट्ट बसवणं, आधी संडासची टाकी, ती पूर्ण रिकामी झाल्यावर तिचा व्हॉल्व्ह बंद, मग सांडपाण्याची, म्हणजे तेच पाणी पाइप धुऊन काढतं. पिण्याच्या पाण्याची नळी या कामाला कधीही वापरू नये.

बूट आणि चाकांच्या खाचाही निघण्यापूर्वी ब्रशने झाडाव्यात. आपल्याकडे चाऱ्यासाठी लावतात ते अंजन गवत इथे बफेलग्रास नावाने पसरलं आहे. ते वाळून पेट घेतं आणि आगीची सवय नसलेले सवारो जळून जातात. त्याचं कुसळी बी कपड्यांना चिकटूनच दूर जातं.

हायवे ८५ वर उत्तरेकडे जाताना बॉर्डर पॅट्रोलची (सीमेवरच्या गस्ती दलाची) तपासणी चौकी लागते. एच-१बी, एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या प्रत्येकाने मूळ पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद), तर ग्रीन कार्डवाल्यांनी मूळ कार्ड जवळ ठेवावं, फोनमधल्या फोटोवर विसंबू नये. भारतातून भेटीला आलेल्या आई-वडिलांचे पासपोर्टही आरव्हीतच हवेत, फीनिक्सच्या घरी नव्हे. दक्षिणेला पाचेक मैलांवर ल्यूकव्हिलची सीमा आहे, कॅम्पवरून निघताना चुकून उजवीकडे वळलात की तिकडेच जाल. सीमेजवळ फोन मेक्सिकोचं नेटवर्क पकडतो, म्हणून रोमिंग बंद ठेवावं आणि नकाशा आधीच उतरवून घ्यावा.