आमच्या माळाला झाडं नको होती

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला आमचं गाव. वर्षाचा पाऊस कसाबसा पाचशे मिलिमीटर. गायरानाचा एक तुकडा माळ म्हणूनच राखायचा, असं गावानं ठरवलं. माळभर फोफावलेली परदेशी वेडी बाभूळ काढायची, गवत परत आणायचं आणि शाळेतल्या मुलांचे परिसर अभ्यासाचे तास तिथेच घ्यायचे. मी इथल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते, त्यामुळे कागदपत्रं आपसूक माझ्याकडे आली. ठराव झाला, मोजणी झाली, जैवविविधता व्यवस्थापन समिती होतीच. यातल्या कशालाच त्रास पडला नाही. अडलो ते एका रकान्यापाशी, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

कामाला निधी मिळावा म्हणून तालुक्याच्या एका कार्यालयात प्रस्ताव दिला. छापील नमुन्यात रकाने होते: रोपांची संख्या, प्रजाती, जगलेल्या रोपांची टक्केवारी. गवतासाठी रकाना नव्हता. मी रोपांच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि खाली कारण जोडलं. फाइल ‘त्रुटीची पूर्तता करावी’ असा शेरा मारून परत आली. पुन्हा दिली, पुन्हा परत. टेबलावरचे साहेब शांतपणे म्हणाले, “मॅडम, शून्याला मंजुरी मिळत नाही. पाचशे लिहून टाका, रोपं आम्हीच देतो. नंतर मेली तर मेली.”

हे मला मान्य होणं शक्यच नव्हतं. आमच्या माळावर मातीचा थर वीतभर, खाली मुरूम. त्यात खड्डे आणि चर खणले की गवताची मुळं तुटतात आणि उघडी पडलेली माती पहिल्या वळवात ओढ्याला जाते. रोपं जगवायला उन्हाळाभर टँकर लागतो. त्यातून जी जगतात ती बहुतेक ग्लिरिसिडियाची, म्हणजे मूळची मध्य अमेरिकेतली. तिच्या सावलीत आमचं पवन्या आणि मारवेल गवत वाढत नाही. चंडोल आणि धाविक हे माळावरचे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. झाडं आली की त्यावर कावळे बसायला लागतात आणि घरटी त्यांच्या नजरेला पडतात. चिंकाऱ्याला धोका लांबून दिसायला मोकळं रान लागतं. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवते, म्हणजे शिकारी पक्षी, दिवसा माळावर घिरट्या घालतात आणि रात्री गवतातच मुक्काम करतात. हे सगळं मी त्या टेबलासमोर उभी राहून सांगितलं. उत्तर आलं, “ते बरोबर आहे हो, पण रकाना?”

मग स्थळपाहणी लागली, तीही ऐन मे महिन्यात. गवत वाळून पिवळं पडलेलं, जमीन तापलेली. पाहणीला आलेले अधिकारी गाडीतून उतरले, चौफेर बघितलं आणि म्हणाले, “इथे तर काहीच नाही. पडीक आहे सगळं.” आमच्याबरोबर गावातले धनगर आबा होते. त्यांनी वाकून कुसळीचा एक ठोंब बोटांनी फोडला आणि आतली हिरवी नस दाखवली. “सायेब, हे झोपलंय, मेलं न्हाई. दोन पाऊस हुंद्या, मग या.” पाहणीच्या अहवालात तरीही ‘क्षेत्र उजाड’ असंच आलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळपर्यंत एक गोष्ट मात्र मनात पक्की झाली. कार्यालयाला आकडा हवाय ना, तर आपण गवताचा आकडा देऊ.

पाऊस संपता संपता मुलांना घेऊन माळावर गेले. बांबूच्या कामट्यांची एक मीटर बाय एक मीटरची चौकट केली होती. डोळे मिटून ती फेकायची, पडेल तिथलं गवत विळ्यानं कापायचं, तराजूत तोलायचं, पिशवीवर तारीख आणि ठिकाण लिहायचं. सावलीत वाळवून पुन्हा तोलायचं. एका चौकटीच्या वजनाला दहा हजारांनी गुणलं की हेक्टरी हिशोब निघतो. बऱ्याच चौकटींची सरासरी घेतली की तो भरवशाचा होतो. पाचवीची मुलं हे गणित इतक्या हौसेनं करत होती की घंटा कधी झाली ते कुणालाच कळलं नाही. मग पूर्वीच्या एका लागवडीत ग्लिरिसिडियाखाली चौकट टाकली. तिथे मूठभरही गवत निघालं नाही. पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

हा तक्ता, त्याच जागेचे मे आणि सप्टेंबरचे तारखेनिशी फोटो आणि आमच्या लोक जैवविविधता नोंदवहीतली (गावातल्या वनस्पती आणि प्राण्यांची नोंद असते ती) माळाची पानं, एवढं सगळं जोडून प्रस्ताव ‘कुरण विकास’ या नावानं नव्यानं दिला. रोपांच्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहिलं आणि शेजारी वाळलेल्या गवताचं हेक्टरी वजन. या वेळी फाइल पुढे गेली. मंजुरीचं पत्र हातात आलं तेव्हा मी कार्यालयाच्या पायरीवर बसूनच सरपंचताईंना फोन लावला. दोघींनाही बोलता येईना.

ठरावाचं सांगायचं राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. त्यात गट नंबर, क्षेत्र आणि ‘चराई व गवत संवर्धन’ हा हेतू स्पष्ट लिहा. गायरानासारख्या गावाच्या सामायिक जमिनी राखण्याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा 28 जानेवारी 2011 चा निकाल आणि त्यानंतरचा राज्याचा 12 जुलै 2011 चा शासन निर्णय, दोन्हींचा उल्लेख करा. उद्या कुणी ती जागा दुसऱ्या कामाला मागितली तर हाच ठराव पुढे करता येतो.

मेंढपाळांना बाहेर ठेवून हे काम होत नाही. आम्ही पावसाळ्यापासून बी झडेपर्यंत चराई बंद ठेवतो, नंतर माळ मोकळा करतो. तारखा आबांनीच ठरवल्या, म्हणून त्या पाळल्या जातात. वेडी बाभूळ नुसती तोडू नका, बुंध्यातून ती दुप्पट फुटते. मुळासकट काढावी लागते. बी दिवाळीच्या आसपास गोळा करा आणि पावसाच्या तोंडावर शेणमातीत कालवून टाका.

आणि पाहणीची तारीख सप्टेंबरचीच मागा, लेखी मागा, अर्जाची पोच घ्या.