पुण्यात बसून कोल्हापूरचा फ्लॅट चालवताना

अंबाबाईच्या देवळाजवळच्या महाद्वार रोडपासून चालत जाण्याजोगा, पाहुण्यांना रोजच्या भाड्याने द्यायचा फ्लॅट नवरात्रात सहसा रिकामा राहत नाही. मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात, त्या किरणोत्सवालाही मागणी असते. खरी अडचण कुलूप आणि चादरी यांची.

कोडच्या कुलपाची बॅटरी संपायची वाट बघू नका, ठरलेल्या तारखेला बदला. प्रत्येक पाहुण्याला वेगळा कोड द्या, चेकआउटला तो बंद करा. तरीही एक चावी शेजारच्या काकूंकडे हवीच; पहाटेच्या दर्शनाला निघालेलं कुटुंब म्हाताऱ्या आजीसह दाराबाहेर अडकणं फार वाईट.

चादरींचे पलंगामागे तीन जोड: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात चौथा लागतोच, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. चेकआउट १०, चेकइन २. मधल्या चार तासांत सफाईच्या मावशींनी न्हाणीघर, गीझर, गादी यांचे फोटो पाठवल्याशिवाय नवा कोड सोडू नये. मावशी एकच असतील तर एका सुट्टीत सगळं कोलमडतं, म्हणून दुसरा फ्लॅट घेण्याआधी दुसरी मावशी शोधा.

परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरायची.

आणि जागा बघताना २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, ते त्याच गल्लीतल्या दुकानदाराला विचारा. एजंटला नको.