रंग द्याच, पण सगळ्यात शेवटी

“घर विकायला काढतोय, आधी रंग देऊन घेऊ का?” हा तुमचा नेहमीचा प्रश्न. द्या, पण आधी ओल शोधा. ओलीवर दिलेला रंग काही दिवसांतच फुगतो. शिवाय चार भिंतींपैकी एकीलाच ताजा रंग दिसला, की जाणकार गिऱ्हाईक नेमका तिथेच हात लावून बघतो.

ओलीच्या जागी भिंत वरून कोरडी करा आणि फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी मारून घट्ट लावा. दोन दिवस तसाच राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला धरले तर पाणी भिंतीतूनच येतंय. खोलीकडच्या बाजूला धरले तर ती दमट हवा आहे. तिथे फोडाफोड नको, खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा. डागाची जागाही बरंच सांगते. जमिनीलगत सलग पट्टा असेल तर ओल बहुधा खालून चढतेय, छतालगत असेल तर गच्ची किंवा वरचं न्हाणीघर बघा. मधोमध एकटाच डाग असेल तर आतल्या पाइपचा संशय घ्या. मग सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. दोन तासांत तो सरकला तर कुठेतरी गळतंय.

गळती बंद झाली की पोपडे खरवडा. खाली पिठासारखी पांढरी भुकटी दिसेल. पाणी सुकताना मागे राहिलेले हे क्षार कोरड्या ब्रशनेच झाडायचे. ओल्या फडक्याने पुसले की ते विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात आणि सुकल्यावर परत फुलून येतात. नवं प्लास्टर केलं असेल तर त्याला चार आठवडे द्या. बहुतेकांची घाई इथेच होते, आणि सगळा खर्च वाया जातो. त्यानंतर पुट्टीचे दोन पातळ हात, बारीक पॉलिश पेपर, प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात. फिकट, एकाच छटेचा रंग सगळीकडे चालतो.

बाकीची कामं किरकोळ, पण टाळू नका. न्हाणीघरातलं काळं पडलेलं सिलिकॉन पूर्ण कापून काढा. जुन्यावर नवं धरत नाही. कोरड्या सांध्यात भरून 24 तास पाणी लागू देऊ नका. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाका. 20 मिनिटांत फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर आतला रबरी वॉशर बदला. बिजागरीचा स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोकात गोंद लावलेली लाकडाची काडी ठोका, गोंद सुकला की स्क्रू परत बसवा.

आणि घर रिकामं पडून असेल तर आठवड्यातून एकदा प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता. जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटलं की गटाराचा वास थेट घरात येतो, आणि दार उघडताच गिऱ्हाइकाला आधी तोच जाणवतो.