छोटे धक्के बसले म्हणून मोठा टळत नाही

"बरंच आहे की, थोडं थोडं प्रेशर निघून जातंय." आमच्याकडे भूकंपाचे लहान लहान धक्के बसायला लागल्यापासून मंडळाच्या ग्रुपवर, शाळेच्या पार्किंगमध्ये, इंडियन स्टोअरच्या रांगेत, सगळीकडे हे वाक्य ऐकतेय. बोलणारी माणसं शिकलेली आहेत, प्रेमाची आहेत, आणि धीर द्यायलाच बोलतात. पण त्या धीरापायी घरातलं करायचं काम राहून जातं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी सॅन रॅमोनला राहते. सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला, टेकड्यांपलीकडच्या खोऱ्यातलं हे गाव. मराठी घरं इथे बरीच. गावाच्या पश्चिम अंगाने कॅलाव्हेरास फॉल्ट, म्हणजे जिच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात अशी जमिनीतली लांब भेग, जाते आणि २०२५ च्या नोव्हेंबरपासून इथली जमीन अधूनमधून थरथरते आहे. कधी आठवडाभर काहीच नाही, आणि मग एखाद्या संध्याकाळी तासाभरात चार-पाच धक्के. बहुतेक दोन-तीन तीव्रतेचे, एखादा चारच्या आसपासचा.

आमच्या घरात आधी मागच्या सरकत्या काचेच्या दाराची चौकट एकदाच वाजते. ठक. बाहेरून कुणी खांदा मारल्यासारखी. लगेच जमीन आडवी हलते, जेवणाच्या टेबलावरच्या दिव्याची साखळी कुरकुरते, आणि संपतं. तो ठक म्हणजे पी लहर, आणि आडवं हलणं म्हणजे एस लहर. पी वेगाने पळते, एस तिच्या मागून येते. दोन्हींत सेकंदभराचं अंतर असलं, तर धक्का साधारण आठ किलोमीटरवरचा. लांबचा असेल तर मधे जास्त वेळ मिळतो. हे कळल्यापासून माझी मुलगी ठक ऐकू आला की मोठ्याने मोजायला लागते. घाबरण्यापेक्षा हे बरं, असं मला मनापासून वाटतं.

एरवी भूकंप म्हटला की एक मोठा धक्का बसतो आणि त्याच्या मागून लहान धक्के येतात, दिवसागणिक कमी होत जातात. इथे तसं घडत नाही. मुख्य असा धक्काच नसतो. मधेच शांत होतं, परत सुरू होतं, कालच्यापेक्षा आजचा मोठा असू शकतो. याला स्वॉर्म म्हणतात, आणि आमच्या खोऱ्याला तो नवीन नाही. १९७०, १९७६, १९९०, २००२, २००३, २०१५, दर वेळी असंच झालं. २०१५ मध्ये तो ३६ दिवस चालला आणि त्यातला सगळ्यात मोठा धक्का ३.६ चा होता. यातल्या एकाही स्वॉर्मच्या शेवटी मोठा भूकंप झाला नाही.

मग हे इथेच का होतं? कॅलाव्हेरास फॉल्ट हॉलिस्टर गावाच्या दक्षिणेला सॅन अँड्रियास या मोठ्या फॉल्टपासून फुटतो आणि शंभराहून जास्त किलोमीटर उत्तरेला येत आमच्या खोऱ्यात संपत जातो. या फॉल्टवर जमीन वरखाली होत नाही, आडवी सरकते. अलीकडे उभं राहून पलीकडे पाहिलं, तर पलीकडची बाजू उजवीकडे जाते. इथून पुढे ही हालचाल कॉनकॉर्ड फॉल्टकडे सोपवली जाते, पण तो सरळ रेषेत नाही, बाजूला आहे. दोघांच्या मधल्या खडकाला ती ओढाताण सोसावी लागते आणि तिथे लहान लहान भेगांचं जाळं झालंय. २०१५ चे धक्के एका मोठ्या फॉल्टवर नव्हे, अशाच कितीतरी लहान फॉल्टवर झालेले दिसले. संशोधकांचा रोख खोलवरच्या पाण्याकडेही आहे. दाबाखालचं पाणी भेगेत शिरलं की तिच्या दोन बाजूंची एकमेकींवरची पकड सैल होते आणि ती सरकते. पाणी पुढे गेलं की पुढची.

आता प्रेशरचा हिशोब. तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ६.७ च्या एका भूकंपात जेवढी ऊर्जा असते, तेवढी ३ च्या धक्क्यांनी बाहेर काढायची, तर असे साधारण साडेतीन लाख धक्के लागतील. स्वॉर्ममध्ये होतात काही शे, आणि त्यातलेही बरेचसे ३ च्या खालचे. शिवाय ते बाजूच्या भेगांवर होतात. मुख्य फॉल्टवर साठलेला ताण जवळजवळ होता तेवढाच राहतो.

आणि याचं दुसरं टोक, "आता मोठा येणारच", तेही खरं नाही. कॅलिफोर्नियात कुठल्याही धक्क्यानंतर थोड्या दिवसांत त्याहून मोठा येण्याची शक्यता वीसात एकच्या घरात असते. खरा विचार करायचा तो वेगळ्याच आकड्याचा. २०१४ ते २०४३ या काळात बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या आमच्या भागात, ६.७ किंवा मोठा भूकंप होण्याची शक्यता यूएसजीएस या अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने ७२ टक्के धरली आहे, त्यातली एकट्या कॅलाव्हेरासची २६ टक्के. स्वॉर्म असो वा नसो, हा आकडा आहेच.

आई हिवाळ्यात आमच्याकडे होती. ती पाटण तालुक्यातली. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा ६.३ चा भूकंप झाला, तेव्हा ती शाळकरी होती. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. आईला आठवतो तो जमिनीखालचा गडगडाट, दगडमातीच्या भिंती ढासळल्यावर उठलेली धूळ, आणि नंतर कितीतरी रात्री थंडीत खळ्यात काढलेली झोप. इथे पहिला धक्का बसला तेव्हा ती चहा घेत होती. कप खाली ठेवला, "ह्यो लांबचा न्हाई गं, हितलाच हाय," म्हणाली, आणि मी उठायच्या आत मागच्या अंगणात.

दगडमातीच्या घरात वाढलेल्या माणसाचं बाहेर पळणं बरोबरच आहे. भिंतच अंगावर येते तिथे. पण आमची घरं लाकडी सांगाड्याची. ती हलतात, करकरतात, सहसा कोसळत नाहीत. इथे माणसं जखमी होतात ती पडणाऱ्या कपाटांनी, फुटलेल्या काचांनी, बाहेर पळताना वरून येणाऱ्या कौलांनी. म्हणून जागच्या जागी खाली बसायचं, टेबलाखाली शिरायचं, टेबलाचा पाय धरून ठेवायचा. आता आईचे गुडघे तिला खाली बसू देत नाहीत. मग ठरवलं: खुर्चीत असशील तर वाकून दोन्ही हातांनी मान झाक, पलंगावर असशील तर उठूच नकोस, उशी डोक्यावर घे. आम्ही दोघींनी ते करून पाहिलं. तिच्या पलंगावरची फ्रेम काढून टाकली.

एका रविवारी तिला हॉलिस्टरला घेऊन गेले. तिथे हाच फॉल्ट गावातून जातो आणि भूकंपाशिवायच हळूहळू सरकत राहतो. डन पार्कच्या आसपास फुटपाथचा कठडा सरळ येता येता मधेच बाजूला झालेला दिसतो, अंगणांच्या बुटक्या भिंती वाकलेल्या. आई एक पाय अलीकडे, एक पलीकडे ठेवून बराच वेळ उभी होती. मी तिला सांगितलं, कोयनेचा फॉल्टही असाच आडवा सरकणारा, फक्त तिथे पलीकडची बाजू डावीकडे जाते. आणि तिथेही पाणी आहेच, कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरण्या-उतरण्याशी धक्क्यांचा संबंध आहे. त्याचाच छडा लावायला गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय. आईने गोठणं म्हटल्यावर मान वर केली. "आमच्या गोठण्याला? आन् मला कुनी सांगितलं न्हाई ते?" परतीच्या वाटेवर ती त्याच एका गोष्टीबद्दल विचारत होती.

उत्तरेकडचा आमचा तुकडा हॉलिस्टरसारखा मोकळा सरकत नाही, फार थोडा सरकतो, आणि ताण साठत राहतो. म्हणून आमच्याकडे कपाटं भिंतीला बांधायची. वॉटर हीटरला दोन पट्टे हवेत, वर एक आणि खाली एक. गॅरेजमध्ये जाऊन हलवून बघा, नुसते लोंबकळत असतील तर उपयोग नाही. टीव्हीला पट्टा. पलंगाशेजारी बूट आणि बॅटरी, कारण रात्री काचांवर पहिला पाय आपलाच पडतो. गॅसचा पाना मीटरजवळ ठेवा, पण वास आल्याशिवाय व्हॉल्व्ह बंद करू नका. फोनवर भूकंपाचा इशारा देणारं मायशेक ॲप घ्या. इतक्या जवळच्या धक्क्याला ते पुरणार नाही, पण हेवर्ड किंवा सॅन अँड्रियास फॉल्टवर लांब कुठे मोठा झाला, तर काही सेकंद हातात मिळतील.

आमच्या गल्लीतल्या तीन आजींकडे अजून पलंगाच्या डोक्याशी पुस्तकांची उभी कपाटं मोकळीच आहेत. येत्या शनिवारी मी ड्रिल, एल-ब्रॅकेट आणि भिंतीतला लाकडी खांब शोधणारा स्टड फाइंडर घेऊन निघणार आहे. ट्राय-व्हॅलीत, म्हणजे आमच्या या खोऱ्यांच्या भागात, कुणाला हवं असेल तर ग्रुपवर कळवा. कपाट रिकामं करून ठेवा, म्हणजे अर्ध्या तासात होतं.