तुम्ही विचारलंत म्हणून: ईव्हॅपचा कोड, म्हणजे पेट्रोलची वाफ अडवणाऱ्या यंत्रणेत बिघाड असल्याचा कोड, कुठल्या गाडीला जास्त येतो?

हा प्रश्न माझ्या गॅरेजमध्ये दोन प्रकारची माणसं विचारतात. पहिली म्हणजे ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत ती. तिकडे मुलानं जुनी गाडी घेतलेली असते, एक दिवस चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि पी ०४५५ लिहिलेला स्क्रीनशॉट मुलाकडून वडिलांकडे, वडिलांकडून माझ्या व्हॉट्सॲपवर येतो. 'तिकडे नुसतं बघायचेच केवढे पैसे मागतात हो, तुम्ही जरा सांगा ना.' दुसरी म्हणजे इथेच पुण्यात सेकंडहँड पेट्रोल गाडी शोधणारी मंडळी. दोघांनाही एकच हवं असतं: हा कोड ज्या कंपनीच्या गाड्यांना जास्त येतो तिचं नाव सांगा, म्हणजे ती गाडी टाळू.

नावं सांगतो. पण आधी ही भानगड काय आहे ते थोडक्यात. टाकीतल्या पेट्रोलची सतत वाफ होत असते, गाडी उभी असली तरी. ती हवेत जाऊ नये म्हणून एका डब्यातल्या कोळशात धरून ठेवतात. तो डबा म्हणजे कॅनिस्टर. इंजिन चालू आणि गरम असलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, डब्यातली वाफ इंजिनात ओढली जाते आणि जळते. डब्याला बाहेरची हवा मिळायला दुसरं तोंड असतं. अमेरिकेतल्या गाड्यांमध्ये तिथे वेंट व्हॉल्व्ह असतो, तो मिटला की सगळी टाकी बंदिस्त होते. डिझेल फारसं उडत नाही, म्हणून डिझेल गाडीत हे काहीच नसतं. ईव्हीत तर टाकीच नाही. त्यामुळे डिझेलवाल्यांनी या प्रश्नात पडूच नये.

आता अमेरिकेचं. तिकडे १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला ओबीडी-२ (गाडीनं स्वतःचे बिघाड ओळखून कोड द्यायची व्यवस्था) सक्तीचं झालं, आणि त्यात टाकी गळते का हे गाडीनं स्वतः तपासायचं असतं. वेंट मिटवायचा, टाकीत थोडी ओढ किंवा दाब तयार करायचा आणि तो टिकतो का ते बघायचं. सुरुवातीला एक मिलिमीटरचं भोक पकडायचं होतं, पुढे अर्ध्या मिलिमीटरवर आलं. पी ०४४२ म्हणजे छोटी गळती, पी ०४५६ अगदी बारीक, पी ०४५५ मोठी, आणि पी ०४५७ म्हणजे बहुधा टाकीचं झाकणच सैल. एवढी कडक तपासणी रोज होणार म्हटल्यावर कोड येणारच.

तिथल्या मेकॅनिक लोकांमध्ये काही गाड्या यासाठी ओळखल्या जातात. जनरल मोटर्सचे मोठे पिकअप आणि एसयूव्ही, म्हणजे सिल्वराडो, टाहो वगैरे. त्यांचा वेंट व्हॉल्व्ह मागे, गाडीच्या खाली, थेट धुळीत बसवलेला असतो. तो धुळीनं अडकतो आणि पी ०४४६, पी ०४४९ हे वेंटचे कोड येतात. जुन्या सुबारू बर्फाच्या राज्यांत चालल्या की रस्त्यावरच्या मिठानं त्यांचा पेट्रोल भरायचा पाइप गंजतो. तो प्लास्टिकच्या आवरणाआड असल्यामुळे गंज दिसतही नाही, आधी दिसतो तो कोड. डॉज, जीप, क्रायस्लरमध्ये झाकण आणि कॅनिस्टरवरचा गळती तपासणारा स्विच हे दोन संशयित आधी बघायचे. आणि फोर्ड फोकस, २०१२ ते २०१८ ची मॉडेल्स. पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकायचा, इंजिन टाकीतून अखंड ओढत राहायचं, त्या ओढीनं प्लास्टिकची टाकी आकसण्याची आणि चालती गाडी बंद पडण्याची शक्यता होती. फोर्डनं २०१८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या आणि दुरुस्ती होईपर्यंत टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका असं मालकांना कळवलं.

ही यादी ऐकून इथले लोक लगेच विचारतात, मग तळेगावला बनलेली, जनरल मोटर्सचीच शेवरोले बीट घेऊ नको का? बीट आणि सिल्वराडो यांच्यात बोनेटवरच्या चिन्हापलीकडे काही सारखं नाही. तिकडची यादी इकडे लावू नका.

मुलाला काय सांगायचं? पी ०४५५ किंवा ०४५७ असेल तर आधी झाकण काढ, त्याचं रबर बघ, चीर असेल तर कंपनीचंच झाकण घे, बाजारातलं साधं नको. टिक-टिक आवाज येईपर्यंत घट्ट लाव. दिवा लगेच जाणार नाही. लागोपाठ तीन ड्राइव्ह सायकलमध्ये, म्हणजे गाडी सुरू करून, चालवून, बंद करण्याच्या तीन फेऱ्यांत, चाचणी पास झाली की जातो, आणि टाकी अगदी रिकामी किंवा काठोकाठ असेल तर चाचणी होतच नाही. म्हणून अर्धी टाकी ठेव आणि थोडे दिवस चालव. निम्म्या फोनांचं काम एवढ्यावर होतं.

आता पुणं. माझं खरं सांगणं इथून सुरू होतं.

पुण्यात ज्या गाडीला ईव्हॅपचा कोड येत नाही ती गळत नाही असं अजिबात समजू नका. बीएस-४, म्हणजे गाड्यांच्या प्रदूषणाचे नियम, देशभर २०१७ ला आलं, पण २०१० मध्ये ज्या १३ शहरांत ते आधी लागू झालं त्यांत पुणं होतं. २०१३ पासून ओबीडी-२ सुद्धा आलं. पण आपल्या नियमात ईव्हॅपसाठी किमान अट एवढीच आहे की पर्ज व्हॉल्व्हची वायरिंग जोडलेली आहे का हे ईसीयूनं बघावं. टाकीला भोक आहे का, हे बघायची सक्ती नाही. त्यामुळे इथल्या बहुतेक गाड्यांना ०४५५ किंवा ०४५६ कधीच दिसत नाही. आला तर पी ०४४३ किंवा त्याच्या भावंडांपैकी एखादा, म्हणजे कनेक्टर निघालाय, वायर तुटलीय किंवा व्हॉल्व्हची कॉइल गेलीय. पाइप तुटून लोंबत असला तरी दिवा शांत.

नवं मॉडेल बाजारात येण्याआधी त्याची गाडी सीलबंद खोलीत उभी करून तिची वाफ मोजतात. मर्यादा आहे २ ग्रॅम. ज्यासाठी आपण पुणेकर अभिमानानं टेकडीकडे बोट दाखवतो त्या एआरएआयमध्ये, म्हणजे गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थेत, हे काम चालतं. पण गाडी रस्त्यावर आल्यावर पुन्हा कोणी मोजत नाही. पीयूसीवाला नळी सायलेन्सरमध्ये घालतो, टाकीकडे बघत नाही.

मग इथे कुठल्या गाड्या सांभाळायच्या? कंपनीपेक्षा गाडीनं काय सोसलंय ते बघा. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्या माझ्या मते पहिल्या. किट बसवणारा घाईत असतो, इंजिनात हवा जाते त्या इनटेकजवळचे पाइप हलवतो, एखादा तसाच सोडतो किंवा स्क्रू ठोकून बंद करतो. पुढे गाडी सीएनजीवरच चालते, त्यामुळे पेट्रोलच्या लाइनकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. मग झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्या, कारण पावसाळ्यात उंदीर पाइप कुरतडतात. मग टर्बो पेट्रोल. टर्बोनं हवा ढकलायला सुरुवात केली की इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये ओढ उरत नाही, म्हणून वाफेसाठी दुसरी वाट आणि जादा एकमार्गी व्हॉल्व्ह द्यावे लागतात. सांधे वाढले की गळण्याच्या जागा वाढल्या.

आणि सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पंपावर. नोझल 'टक' करून बंद पडलं की टाकी भरली. त्यानंतर 'राउंड फिगर करा' म्हणून जे पेट्रोल घुसवतात ते वाफेच्या वाटेनं कॅनिस्टरमध्ये उतरू शकतं. कोळसा वाफेसाठी आहे, पातळ पेट्रोलसाठी नाही. एका हॅचबॅकची तक्रार होती: पेट्रोल भरलं की लगेच स्टार्ट होत नाही, झाली तरी आयडलिंग हलतं, पाच मिनिटांनी सगळं ठीक. पर्ज व्हॉल्व्ह काढून हातात घेतला. कनेक्टर काढलेला असताना तो मिटलेला हवा. तोंडानं फुंकलं तर हवा आरपार गेली. व्हॉल्व्ह तळहातावर आपटला तेव्हा काळे, बाजरीएवढे दाणे पडले. कॅनिस्टर आतून फुटून कोळसा पुढे आला होता आणि व्हॉल्व्हच्या तोंडात अडकून तो मिटत नव्हता. नुसता व्हॉल्व्ह बदलून गाडी परत दिली असती तर थोड्या दिवसांत नवाही अडकला असता. दोन्ही बदलले, लाइन हवेनं साफ केली. स्कॅनरमध्ये या सगळ्याचा एकही कोड नव्हता.

गळती शोधायची असेल तर स्मोक मशीनसारखं दुसरं काही नाही. अगदी कमी दाबानं लाइनमध्ये धूर सोडायचा आणि टॉर्च घेऊन गाडीखाली बघायचं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे बघतो, तसंच. धूर कुठून निघतो ते डोळ्यांना दिसतं आणि अंदाजानं पार्ट बदलण्याचा खर्च वाचतो. ज्या गॅरेजमध्ये धूर न सोडता 'कॅनिस्टर गेलाय' सांगतात तिथे थांबून दोन प्रश्न विचारा.

मला या विषयाची एवढी कळकळ का, तर बेसमेंट पार्किंगमुळे. एप्रिल-मेमध्ये सोसायटीच्या तळघरात उतरलं की पेट्रोलचा वास येतो आणि सगळे 'पार्किंग आहे, येणारच' म्हणून सोडून देतात. येता कामा नये. धड गाडीला बंद असताना वास येत नाही. त्या वाफेत बेंझिन असतं आणि बेंझिननं कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. तिथे मुलं सायकल चालवतात, वॉचमन दिवसभर बसतो. बंद जागेत साठलेली वाफ पेट घेते हे वेगळंच. बाहेर पडलेली वाफ उन्हात इतर धुराशी मिळून ओझोन तयार करते, तोही फुप्फुसांना वाईट. म्हणून बीएस-६ बाइकवाले जेव्हा 'तो डबा काढून टाका, काही होत नाही' म्हणतात तेव्हा मी काढत नाही. पैसे देत असले तरी नाही.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एवढंच करा. गाडी उन्हात तासभर उभी करून मागच्या चाकाजवळ वास घ्या. बोनेट उघडून पर्ज व्हॉल्व्हचे दोन्ही पाइप हातानं दाबून बघा, कडक झालेले किंवा भेगाळलेले असतील तर किमतीत धरा. विकणाऱ्याला घेऊन पंपावर जा, टक होईपर्यंतच पेट्रोल भरा आणि तिथेच स्टार्ट मारा. गाडी कुरकुरली तर पर्ज व्हॉल्व्ह आधी बघायचा. आणि स्कॅनर लावताना कोड नाहीत एवढंच बघू नका, मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, रेडी (पूर्ण) आहेत का तेही बघा. बरेचसे अपूर्ण दिसले तर कोड आदल्या दिवशी उडवून आणलेले असू शकतात. अशा वेळी गाडी आठवडाभर चालवून पुन्हा दाखवा म्हणायचं, आणि तोवर टोकन द्यायचं नाही.