पुस्तकाच्या मध्यावर पाहिलेला चित्रपट

मुलांबरोबर एखादी कादंबरी वाचायची आणि तिच्यावरचा चित्रपटही पाहायचा, तर आधी काय, हा प्रश्न बहुतेक घरांत निघतो आणि ‘अर्थातच आधी पुस्तक’ हे उत्तर इतके ठरलेले असते की त्यावर कोणी फारसा वाद घालत नाही. मिखाएल एंडे या जर्मन लेखकाच्या ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’च्या बाबतीत मात्र आम्ही पुस्तक बरोबर मध्यावर थांबवले, चित्रपट पाहिला आणि त्यानंतर उरलेले पुस्तक वाचले. निदान या एका कादंबरीपुरता तरी हाच क्रम योग्य आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

त्याचे कारण कादंबरीच्या बांधणीतच आहे. 1979 साली आलेल्या या पुस्तकात 26 प्रकरणे आहेत आणि प्रत्येक प्रकरण रोमन वर्णमालेतील एकेका अक्षराने क्रमवार सुरू होते. आई गमावलेला, शाळेत चिडवला जाणारा बास्टियन एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक ग्रंथ चोरतो, शाळेच्या माळ्यावर लपून तो वाचू लागतो आणि हळूहळू त्याच्या लक्षात येते की त्या ग्रंथातल्या जगाला आपली गरज आहे. मूळ आवृत्तीत माणसांचे जग आणि कल्पनेचे जग वेगवेगळ्या रंगांच्या शाईने छापले होते. आमच्या साध्या प्रतीत तिरप्या टाइपावर भागवले आहे. वोल्फगांग पीटरसन यांचा 1984 सालचा चित्रपट यातला जवळजवळ पहिला अर्धाच भाग दाखवतो. बास्टियन त्या जगाच्या सम्राज्ञीला नवे नाव देतो, ते जग वाचते आणि चित्रपट आटोपतो. पुस्तकात मात्र तिथून बास्टियनची खरी कसोटी सुरू होते.

वाचन रात्रीच्या जेवणानंतर चाले. मी इंग्रजी अनुवाद समोर ठेवून धाकट्यासाठी मराठीत सांगत जायची, थोरली माझ्या खांद्यावरून मूळ ओळी तपासायची आणि लांडग्यासारख्या ग्मोर्कचा आवाज काढण्याचा मान मुलांच्या बाबांकडे होता. सर्वांत जास्त दमवले ते उयुलाला या देववाणीने. तिला शरीर नाही, ती केवळ आवाज आहे, तिचे सगळे बोलणे पद्यात आहे आणि तिच्याशी बोलणाऱ्यालाही यमक जुळवूनच बोलावे लागते. त्यामुळे त्या दिवशी घरात पाणी मागायचे तरी यमकात मागावे लागले आणि ‘वाटी–ताटी’पलीकडे न जाणाऱ्या आमच्या प्रतिभेची सर्वांसमक्ष परीक्षा झाली. चित्रपटात हे काहीच नाही. तिथे निळ्या प्रकाशातल्या दोन मूर्ती साध्या गद्यात उत्तर देऊन मोकळ्या होतात.

थांबायचे कुठे, हे मात्र पुस्तकानेच सुचवले. बाराव्या प्रकरणात सम्राज्ञी एका म्हाताऱ्याकडे जाते. जगात जे जे घडते ते तो लिहीत असतो, आणि तो लिहितो तेच घडत असते. बास्टियन नाव उच्चारायला धजत नाही, म्हणून ती म्हाताऱ्याला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावते. म्हणजे पुन्हा ते दुकान, पुन्हा ती चोरी, पुन्हा तो माळा, आणि शेवटी पुन्हा तोच म्हातारा, जो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. मी दुसऱ्यांदा दुकानाच्या दारापाशी आले तेव्हा धाकटा म्हणाला, “आई, पान चुकलीस.” थोरलीने वर न बघताच त्याला सांगितले, “नाही चुकली. तो नाव घेत नाही ना, म्हणून हे असंच चालणार.” पुढच्या फेरीला दोघेही बास्टियनवर ओरडत होते, घे की नाव! पडद्यावर सम्राज्ञी डोळ्यांत पाणी आणून थेट विनवणी करते, आणि तेही परिणामकारक आहे. पण गोष्टीच्या भोवऱ्यात स्वतः सापडल्याची ती चीड तिथे निर्माण होत नाही.

चित्रपट आम्ही दुसऱ्याच दिवशी पाहिला. आजच्या मुलांना 1984 सालचे स्पेशल इफेक्ट्स हास्यास्पद वाटतील अशी मला भीती होती, पण ती अनाठायी ठरली. उडणारा शुभ-ड्रॅगन फाल्कर पुस्तकात सिंहासारख्या डोक्याचा आणि मोत्यासारख्या खवल्यांचा आहे, तर चित्रपटात तो लोकरीच्या मोठ्या कुत्र्यासारखा दिसतो. संगणकावर चित्रे बनवण्याची सोय नसल्यामुळे त्याचा आतून यंत्रांनी हलणारा भला मोठा सांगाडाच उभारला होता, हे कळल्यावर तर त्याच्या पापण्या कोण हलवत असेल यावर दोघांची बराच वेळ चर्चा झाली. दुःखाच्या दलदलीत, ते जग वाचवायला निघालेल्या अत्रेयू या मुलाचा घोडा रुततो त्या दृश्याला धाकटा रडला. पुस्तकात तो घोडा बोलतो, आपला शेवट बघू नकोस, निघून जा, अशी विनवणी करतो. चित्रपटातला घोडा मुका आहे, आणि तो बदल मला वाईट वाटला नाही. मुक्या जनावराला पोराने ओढत राहणे पडद्यावर जास्त लागते.

पण अत्रेयूला ज्यातून जावे लागते त्या स्फिंक्सच्या, म्हणजे सिंहाचे अंग आणि बाईचे तोंड असलेल्या दोन मूर्तींच्या, दाराचा बदल मला मुळीच पटला नाही. कादंबरीत त्या दोन स्फिंक्स एकमेकींकडे पाहत असताना मधून जाणारा माणूस जागच्या जागी गोठतो आणि जगातली सगळी कोडी सुटल्याशिवाय त्याची सुटका नसते. कोणासाठी त्या डोळे मिटतात आणि कोणासाठी नाही, याचा नियम आयुष्यभर अभ्यास करूनही कोणाला सापडलेला नाही. चित्रपटात स्वतःवर विश्वास नसलेल्याला त्यांच्या डोळ्यांतले किरण जाळून टाकतात. म्हणजे एका गूढाचे आत्मविश्वासाच्या व्याख्यानात रूपांतर झाले. ‘मग अत्रेयूच्या आधी जळालेल्या त्या योद्ध्याचा आत्मविश्वास किती टक्के होता?’ हा धाकट्याचा प्रश्न मला परीक्षणातल्या पानभर टीकेपेक्षा नेमका वाटला.

शेवट तर ठाऊकच होता. बास्टियन फाल्करवर बसून आपल्या गावात येतो आणि छळणाऱ्या मुलांची पळता भुई थोडी करतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एंडे यांना हा चित्रपट अजिबात रुचला नव्हता. ते निर्मात्यांविरुद्ध न्यायालयात गेले आणि हरले. लेखकाचा राग एरवी अहंकाराचा वाटू शकतो. पुस्तकाचा उत्तरार्ध वाचताना मात्र तो समजतो, आणि म्हणूनच चित्रपट मध्येच पाहायला हवा.

उत्तरार्धात स्वतःच त्या कल्पनेच्या जगात पोहोचलेल्या बास्टियनच्या गळ्यात असे पदक येते की जे मागेल ते मिळते, पण प्रत्येक इच्छेबरोबर त्याची एक आठवण जाते. तो देखणा होतो आणि आपण कधी लठ्ठ होतो हे विसरतो. तो नामवंत कथाकार होतो आणि गोष्टी रचतो म्हणून मुले आपल्याला हसत होती, हे विसरतो. पुढे तो खुशमस्कऱ्यांच्या नादी लागून सम्राट व्हायला निघतो आणि आडव्या आलेल्या अत्रेयूलाच तलवारीने जखमी करतो. इथे थोरलीने मला थांबवले आणि म्हणाली, “म्हणजे सिनेमात त्याने ड्रॅगनवरून पोरांना पळवलं, त्याबद्दल त्याची काय आठवण गेली असेल?” आदल्या आठवड्यात जिथे टाळ्या वाजवल्या होत्या, त्याच दृश्याचा हिशोब आता ती मागत होती. चित्रपट शेवटी पाहिला असता तर तेच दृश्य गोष्टीचा निकाल म्हणून डोक्यात राहिले असते. आधी पाहिला असता तर उत्तरार्ध वाचायला कोणी बसलेच नसते.

त्यानंतर वाचनाचा वेग मंदावला, कारण प्रत्येक इच्छेपाशी वाद होऊ लागले. सगळे विसरलेला बास्टियन जमिनीखालच्या खाणीत विसरलेल्या स्वप्नांची चित्रे उपसत राहतो आणि अखेर त्याला बर्फाच्या लादीत गोठलेल्या, पांढरा कोट घातलेल्या एका माणसाचे चित्र सापडते. ते त्याचे वडील आहेत, दातांच्या कवळ्या बनवणारे, पत्नीच्या मृत्यूनंतर अबोल झालेले. बाबांनी हे प्रकरण स्वतःहून वाचायला घेतले, आणि ग्मोर्कचा आवाज काढणारा माणूस मध्येच दोनदा घसा साफ करायला थांबला. चित्रपटात वडील सुरुवातीला न्याहारीच्या टेबलावर उपदेश करतात आणि मग पटकथा त्यांना विसरूनच जाते.

1990 साली आलेल्या दुसऱ्या चित्रपटात आठवणी हरवण्याचा धागा घेतला आहे. तिथे तर इच्छा केली की आठवण काढून घेणारे यंत्रच आहे. थोरलीने तो पाहायला साफ नकार दिला असून धाकट्याचे म्हणणे असे की यंत्र आहे तर बघायलाच हवे. बाबा धाकट्याच्या बाजूला गेले आहेत.