तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. स्टाफरूममध्ये तो असा येतो: "मॅडम, तुम्ही तर्कशास्त्र शिकवता. मुलीचं असं झालं. तरीही रोजे धरता, नमाज पढता, ते कसं?" आणि नात्यात, कुणाच्या तरी निकाहात शेजारी येऊन बसल्यावर, हळूच: "इतके सवाल कशाला करतेस गं? इमान कच्चं पडलं का?" आठ वर्षं झाली. पहिल्यांना मी सांगते, सवयीनं होतं. दुसऱ्यांना सांगते, नाही हो, तसं काही नाही. दोन्ही उत्तरं खोटी आहेत आणि ती देऊन देऊन मी थकले आहे.

आधी तीन भावांची गोष्ट सांगावी लागेल. वर्गात 'अशुभाची समस्या', म्हणजे ईश्वर भला आहे तर जगात दुःख का हा प्रश्न, आली की ती मी सांगायचेच, अभ्यासक्रमात नसली तरी. इराकमधल्या बसऱ्यात अबू अली अल-जुब्बाई नावाचे, इस्लाममधल्या मुअतझिली या तर्कवादी पंथाचे मोठे आचार्य होते. मुअतझिली स्वतःला अदल आणि तौहीद मानणारे म्हणवत. तौहीद म्हणजे अल्लाहचं एकत्व, अदल म्हणजे न्याय. न्याय कशाला म्हणायचं ते माणसाच्या अकलेला कळतं, आणि अल्लाह त्या न्यायाला सोडून वागत नाही, तो बंद्याच्या भल्याचंच करतो, असं त्यांचं म्हणणं. जुब्बाईंचा शिष्य अबुल हसन अल-अश्अरी. त्यानं गुरूंना विचारलं: तीन भाऊ. एक नेक होऊन मेला, एक गुनहगार होऊन मेला, तिसरा लहानपणीच गेला. त्यांचं काय? गुरू म्हणाले, पहिला जन्नतमध्ये वरच्या जागी, दुसरा जहन्नममध्ये, धाकटा सुखरूप, पण खालच्या जागी. शिष्य म्हणाला, धाकट्यानं विचारलं की मला मोठं का होऊ दिलं नाहीस, मीही नेक झालो असतो, तर? गुरू म्हणाले, अल्लाह सांगेल, तू मोठा झाला असतास तर गुनाह केले असतेस हे मला ठाऊक होतं, तुझ्या भल्यासाठीच तुला आधी नेलं. मग शिष्य म्हणाला, हे ऐकून जहन्नममधला भाऊ ओरडेल: माझंही तुला ठाऊक होतं, मग मला का नाही लहानपणी नेलंस?

जुब्बाई गप्प झाले. अश्अरी चाळिशीच्या सुमारास त्या पंथातून बाहेर पडले, 935 च्या आसपास वारले, आणि सुन्नी जगाच्या मोठ्या भागानं त्यांची वाट धरली. हा संवाद प्रत्यक्षात झाला की मागाहून रचला गेला, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला त्यानं फरक पडत नसे. मी ती गोष्ट डावपेचासारखी सांगायचे. 'मला का नाही नेलंस' या वाक्यापाशी मी थांबायचे, वर्ग हसायचा, आणि मला समाधान वाटायचं. एका प्रश्नात गुरू चीत! गोष्टीत एक मेलेलं मूल आहे, हे मला दिसायचं, पण ते दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचायची पायरी म्हणून.

माझी मुलगी सात वर्षांची होती. डेंग्यू. सप्टेंबरचा महिना, सहा दिवस. तिसऱ्या दिवशी प्लेटलेट्स उतरायला लागल्या तेव्हा मोठ्या गावी हलवायचं की नाही यावर घरात एक आख्खी संध्याकाळ गेली. सासरे म्हणाले, जे तक्दीरमध्ये आहे ते इथंही होईल आणि तिथंही. मला तेव्हा दुसरे खलीफा हजरत उमर यांची गोष्ट येत होती. शामकडे, म्हणजे सीरियाकडे, जाताना वाटेत कळलं की पुढे साथ आहे, तेव्हा ते मागे फिरले. त्यांचे सेनापती अबू उबैदा म्हणाले, अल्लाहच्या तक्दीरपासून पळता? उमर म्हणाले, हो, अल्लाहच्या एका तक्दीरकडून दुसऱ्या तक्दीरकडे. ही गोष्ट मला पाठ होती आणि त्या संध्याकाळी मी ती बोलले नाही. सून म्हणून गप्प बसले. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. त्या एका रात्रीनं काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते खरं बोलले असतील. मी अजून ती रात्र मोजते.

गुस्ल, शेवटची आंघोळ, बायकांनी घातलं. मी पाणी ओतत होते. तिचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते.

आणि दफनानंतर तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या दुआला, घर भरलेलं असताना, नवऱ्याची फुफू, म्हणजे आत्या, माझ्याजवळ आली. पंचाहत्तरीच्या पुढची बाई. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अच्छाच हुआ गे बेटी. गुना लगने के आगूच उठा लिया अल्लाने."

मी ते ओळखलं. दुःखात माणसाला काही सुचत नाही म्हणतात, पण मला त्या क्षणी अगदी स्पष्ट कळलं की हे जुब्बाईंचं वाक्य आहे. बसऱ्यातून निघून अकराशे वर्षं चालत ते आमच्या ओसरीत आलं होतं. आणि माझ्या तोंडून पुढचं वाक्य निघालं. ओरडूनच निघालं. "मग मला का नाही नेलं? मला नसते का लागले गुनाह? तुम्हाला का नाही नेलं?"

कुराण वाचणाऱ्या मुली थांबल्या. कुणीतरी मला धरून आत नेलं. दारातून मी मागे पाहिलं तर फुफू तशीच उभी होती, हात अजून पुढे, आणि गप्प. मला आत कुठेतरी बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलगी जाऊन तिसरा दिवस होता आणि मला वाद जिंकल्यासारखं वाटलं.

महिनाभरानं सासूबाईंनी सांगितलं. फुफूनं दोन मुलं पुरली होती. एक अकरा महिन्यांचं, एक चार दिवसांचं. मला जे वाक्य ऐकवलं ते तिनं पुस्तकातून घेतलेलं नव्हतं, पन्नास वर्षं तिनं स्वतःलाच सांगितलेलं होतं. मी माफी मागायला गेले. तिनं चहा केला, शेळीला पाला टाकून आली, आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "मैं बी पूछी थी वइच. जवाब नै आया. तो येच बोलती मैं."

तुम्ही स्टाफरूममध्ये म्हणता, भाबड्या माणसांचं ठीक आहे, तुम्ही तर शिकलेल्या. फुफूला भाबडी म्हणू नका. जो प्रश्न मी पगार घेऊन शिकवते तो तिनं माझ्या जन्माआधी विचारला होता.

आता शिकलेल्यांचं ऐका. एम.ए.ला मला तत्त्वज्ञ इब्न सीना फार आवडायचा. त्याचं म्हणणं: अशुभ म्हणजे वस्तू नव्हे, एखाद्या चांगल्याचा अभाव. आंधळेपण हे जसं दृष्टीचं नसणं. आग आहे तर ती जाळणारच. भल्या माणसाच्या अंगरख्याला लागली तर अंगरखाही जळेल. तेवढ्यासाठी जगात आगच नको म्हणणं हे अधिक मोठं नुकसान. किती स्वच्छ वाटायचं ते! ज्या पावसानं आमच्याकडे शाळू पिकतो त्याच पावसाचं पाणी डबक्यात साचून डास होतात. विषाणू त्याच्या परीनं उत्तमच आहे, अशुभ ते माझ्या मुलीच्या रक्तात जे उरलं नाही त्यात. यात तार्किक चूक मला आजही सापडत नाही. पण ते मला ऐकवत नाही, आणि ज्या मुलीनं बाविसाव्या वर्षी यावर परीक्षेत चार पानं लिहिली तिला मला विचारायचं आहे, तू हे कुणासाठी लिहीत होतीस?

मुअतझिलींवर मी अन्याय करत आले, हेही सांगते. गंमतीत त्यांना हरवलं, पण लहान मुलांच्या वेदनेला इतक्या गंभीरपणे फार थोड्यांनी घेतलं आहे. मुलांनी आणि जनावरांनीही जे सोसलं त्याची भरपाई अल्लाहला द्यावीच लागेल, 'इवज', असं ते म्हणत. द्यावीच लागेल! एवढी हिंमत. पुढे त्याच पंथाचे काझी अब्दुल जब्बार (1025 मध्ये वारले) म्हणाले, नुसती भरपाई पुरे नाही, नाहीतर मजुरी देणार म्हणून कुणालाही मारता येईल. त्या वेदनेतून कुणालातरी सावध होण्याचा उपयोगही हवा. इथं मी अडते. ज्याला शहाणं व्हायचं तो मी असेन, तर मला तो शहाणपणा नको होता.

अश्अरींच्या वाटेवर उलट आहे. अल्लाह करतो म्हणून ते न्याय्य. त्याला मोजायला आपल्याकडे माप नाही. 'तो जे करतो त्याबद्दल त्याला विचारलं जात नाही, त्यांना विचारलं जातं' ही कुराणातली आयत पुढे करतात. पूर्वी मला ही हुकूमशाही वाटायची. जियारतीनंतर तिच्यात एक विसावा सापडला: निदान कुणी मला येऊन 'हे तुझ्या भल्याचं' म्हणू शकत नाही, कारण हिशेबच कुणाला माहीत नाही. पण मग 'अल्लाह न्यायी आहे' या वाक्यात 'न्यायी' या शब्दानं काय सांगितलं? याचं उत्तर मला देता येत नाही. विद्यार्थ्यांनी विचारलं तर मी हे असंच कबूल करते.

आमच्या मौलानांनी खिज्रची गोष्ट काढली. कुराणातल्या अल-कहफ या अध्यायातली. खिज्र, अल्लाहनं खास ज्ञान दिलेला बंदा, एका मुलाला मारतात आणि मागाहून सोबतच्या मुसांना सांगतात की हा मुलगा आईबापांना कुफ्र, म्हणजे अल्लाहला नाकारणं, आणि बंडखोरीच्या ओझ्याखाली आणेल ही भीती होती. मी म्हटलं, मौलाना, त्या गोष्टीत मुसांना तीनदा सब्र झालं नाही, आणि ते पैगंबर होते. शिवाय खिज्रना ते ज्ञान दिलेलं होतं. माझ्या मुलीबद्दल ते तुम्हाला कुणी दिलं? ते चिडले नाहीत. म्हणाले, बरोबर आहे, मी बोलायला नको होतं. त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे.

मरणानंतरचं. अश्अरींच्या वाटेवरचे विद्वान गझाली यांनी 1095 च्या सुमारास इब्न सीनासारख्या तत्त्वज्ञांचे वीस मुद्दे खोडले. त्यातल्या तीन मुद्द्यांवर कुफ्रचा ठपका ठेवला: जग अनादि आहे, अल्लाहला सामान्य तत्त्वं कळतात पण एकेक सुटी गोष्ट तशी कळत नाही, आणि पुन्हा उठणं आत्म्याचं असतं, शरीराचं नव्हे. विद्यार्थिनी असताना मी तत्त्वज्ञांच्या बाजूची. शरीर कशाला, आत्मा पुरे, गझाली कठोर. आता सांगते, मला आत्मा नको आहे. मला ती दोन दात पडलेली मुलगी हवी आहे, गुडघ्यावर सायकलवरून पडल्याची खूण असलेली. आणि दुसरा मुद्दाही आता नुसता मुद्दा राहिलेला नाही: ज्याला 'मनुष्य' कळतो पण ती एक मुलगी कळत नाही, अशा ईश्वराशी माझं काय काम? गझाली शरीरासाठी का हटून बसले ते मला कळलं असं वाटतं. पण एखादी गोष्ट हवी असणं हा ती असल्याचा पुरावा नव्हे, हे मी पहिल्या वर्षाला शिकवते. रात्री दोन वाजता ते मला कुणी शिकवायला येऊ नये एवढंच.

मग नमाज का? तुम्हाला एक दिवस सांगते, 27 जानेवारी 632. मदिनेत पैगंबर मुहम्मद (स.) यांचा मुलगा इब्राहीम दीडेक वर्षाचा होता, तो गेला. बाप रडला. कुणी आश्चर्यानं विचारलं, तुम्हीसुद्धा? ते म्हणाले, ही दया आहे. डोळे वाहतात, हृदय दुःखी होतं, आणि आम्ही रबला आवडेल तेच बोलतो. त्याच दिवशी सूर्यग्रहण झालं. लोक म्हणाले, पैगंबरांचं मूल गेलं म्हणून सूर्य काळवंडला. त्यांनी सांगितलं, सूर्य आणि चंद्र कुणाच्या मरण्याजगण्यानं ग्रासले जात नाहीत. आणि नमाजला उभे राहिले. पोटच्या पोराच्या मरणाला आकाशातून अर्थ चालून आला होता, आणि बापानं तो परत पाठवला. मी पढते ती नमाज तिथून सुरू होते. अर्थ न घेता उभं राहता येतं, हे मला त्या दिवसानं शिकवलं. ते इमान आहे की नुसतं उभं राहणं, हे मी ठरवू शकलेले नाही.

नात्यातल्यांसाठी दुसरे, फार आधीचे पैगंबर इब्राहीम अलैहिस्सलाम. त्यांनी अल्लाहला म्हटलं, मेलेल्यांना कसं उठवतोस ते दाखव. विचारणा झाली, तुझा विश्वास नाही? ते म्हणाले, आहे, पण माझ्या दिलाला चैन पडावं म्हणून. त्यांना कुणी कच्च्या इमानाचं म्हटलं नाही. चार पक्षी आणायला सांगितलं. मला पक्षी मिळाले नाहीत एवढाच फरक.

लहान मुलाच्या जनाज्यात दुआ पढतात: हिला आमच्यासाठी 'फरत' कर. मी कब्रस्तानात गेले नव्हते, नवऱ्यानं सांगितलं. फरत म्हणजे तांड्याच्या पुढे पाण्यापाशी जाऊन दोर-पोहरा तयार ठेवणारा. तिला दप्तरसुद्धा नीट भरता येत नसे. एवढ्या पोरीला पुढे धाडून आम्ही मागून येणार, ही दुआ मला अजून तोंडानं म्हणता येत नाही.

तीन भावांची गोष्ट मी वर्गात पुन्हा सांगायला लागले आहे. मध्ये चार वर्षं सोडून दिली होती. आता जहन्नममधल्या भावाच्या ओरडण्यापाशी थांबत नाही, त्याच्या अलीकडे थांबते. मागच्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, धाकट्याला उत्तर मिळालं, पण त्याला ते पटलं का? मी घरी येऊन माझ्याकडे त्या गोष्टीचे आहेत तेवढे सगळे पाठ पुन्हा काढले. सगळीकडे उत्तर झालं की लगेच जहन्नममधला भाऊ बोलायला लागतो. धाकटा पुढे काय म्हणाला, ते मला कुठेही सापडलं नाही.